म्हाताऱ्या घोडीचा हिवाळा गाईच्या हिशोबानं निघत नाही



बाहेरच्या लोकांना वाटतं वैरणीची टंचाई उन्हाळ्यात असते. आमच्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात तसं नाही. नवा कडबा हाताला लागतो माघ-फाल्गुनात. बांधावरचं गवत मार्गशीर्षात वाळून काडी होतं, आणि मागच्या सालची गंजी तोवर तळाला गेलेली असते. मधले चार महिने ओढाताणीचे. गाई-म्हशी दूध देतात म्हणून त्यांची सोय कशीबशी होतेच. बैल पेरणीपुरता का होईना लागतो. राहिलं म्हातारं घोडं. त्याच्या वाट्याला येतं ते सगळ्यांचं उरलेलं.

ह्या महिन्यात तिघांनी मला सांगितलं, "अण्णा, घोडीला पण गाईचंच टाका की, एवढा कशाला हिशोब." म्हणून हे लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे. म्हातारं घोडं कमी पैशात हिवाळा काढू शकतं, पण त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. गाईचा तक्ता घोड्याला लावला की पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि फाल्गुनापर्यंत घोडं हातचं जातं.

आमची चंद्री २४ वर्षांच्या पुढची आहे. बारा वर्षं तिनं ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून दुधाच्या कॅनी वाहिल्या, तिथं त्या वेळी मोटरसायकल जात नव्हती. मेंढपाळाकडून घेतलेली, अंगानं लहान, पायानं पक्की. अशा घोड्यांना आमच्याकडं कुणी जात म्हणून विचारत नव्हतं, आता भीमथडी म्हणून सरकारी नोंद झाल्यावर लोक फोटो काढायला येतात. वय किती म्हणून कुणी शंका घेतली तर मी वरच्या जबड्याच्या कोपऱ्याचा दात दाखवतो. त्यावर एक उभी तपकिरी खाच असते. साधारण १० व्या वर्षी ती हिरडीपाशी दिसायला लागते, १५ ला अर्ध्यावर येते, २० ला दाताच्या टोकापर्यंत पोचते आणि त्यानंतर हिरडीकडून पुसायला लागते. चंद्रीची वरून जवळजवळ अर्धी पुसलीय. बाजारात घोडं घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, दलालाच्या तोंडावर जाऊ नये.

आता मुद्द्याचं. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे. ती घाईत गिळते आणि मग बसून रवंथ करते. म्हणजे चावायचं राहिलेलं काम तिला नंतर करता येतं. घोड्याला रवंथ नाही. एकदा गिळलं की गेलं. जठर तर एवढ्या मोठ्या जनावराच्या मानानं अगदीच लहान, एका बादलीत मावेल एवढं. काडी-कोंडा खरा पचतो तो मागं मोठ्या आतड्यात. आणि घोड्याला उलटी होत नाही, म्हणजे चुकीचं पोटात गेलं तर परतीची वाट नाही. म्हणून घोडं दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं खात राहणारं जनावर आहे. दोन वेळ भारा टाकून मोकळं व्हायची आपली सवय त्याला मानवत नाही.

म्हातारपणी ह्यात दाताची भर पडते. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि घासत राहतात. विशीनंतर वर सरकायला फारसं शिल्लक राहत नाही. काही दाढा गुळगुळीत होतात, काहींच्या कडा सुरीसारख्या धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. अशा घोड्यापुढं अख्खा कडबा टाकला तर ते चावायला घेतं, गालात फिरवतं आणि ओला बोळा करून बाहेर टाकतं. गव्हाणीखाली असे बोळे दिसले की समजा, घोडं खात नाहीये, नुसतं चघळतंय. मालक म्हणतो, "दिवसभर तोंड चालू असतं, तरी वाळत चाललंय." तोंड चालू असणं आणि पोटात जाणं ह्यात फरक आहे. लीद फोडून बघा. त्यात बोटाएवढ्या लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसले तर तुम्ही घातलेल्या वैरणीतला मोठा भाग उकिरड्यावर चाललाय.

म्हणून पैसे वाचवायची पहिली जागा दुकान नाही, दाढ आहे. वर्षातून एकदा डॉक्टरकडून दाढेच्या कडा कानशीनं घासून घ्याव्यात. आता इथं माझी तक्रार आहे. आमच्या जवळच्या दवाखान्यात घोड्याची कानस नाही आणि तोंड उघडं धरायचा सांगाडा पण नाही. डॉक्टर चांगले आहेत, पण हत्याराशिवाय ते तरी काय करणार. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखांच्या आत भरले, २०१२ पेक्षा जवळजवळ निम्म्यानं कमी. संख्या घटली म्हणून हत्यारं गेली, हे मला मान्य नाही. जी थोडी राहिलीत त्यांच्यासाठी तालुक्याला एक कानस ठेवायला किती खर्च येतो?

वजन माहीत असल्याशिवाय वैरण ठरत नाही. त्यासाठी काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,९००. चंद्रीचा घेर १५० आणि लांबी १४०, म्हणजे वजन २६५ किलोच्या आसपास. रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा पदार्थ पोटात गेला पाहिजे, म्हणजे तिला साधारण सव्वापाच किलो. त्यात चाऱ्याचा वाटा दीड टक्क्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दर पंधरा दिवसांनी टेप लावून वहीत लिहा. हिवाळ्यात अंगावर केस वाढतात, त्यामुळं डोळ्याला घोडं भरलेलं दिसतं. हात फिरवून फासळ्या मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

आता वैरण. कडबा पेंढीवर घेऊ नका, काट्यावर घ्या. मी यंदा दोन ठिकाणच्या दहा-दहा पेंढ्या वजन करून पाहिल्या. एकीकडं पेंढी सरासरी पावणेदोन किलोची निघाली, दुसरीकडं अडीच किलोची. दोघांचाही दर शेकड्याला २२०० रुपये. म्हणजे पहिला कडबा साडेबारा रुपये किलो पडला आणि दुसरा पावणेनऊ. माणूस शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो आणि इथं शेकड्यामागं सहा-सातशे सोडून येतो. शिवाय कडब्याचा बुंधा म्हाताऱ्या घोड्याच्या कामाचा नाही. मी वरचा पालेदार अर्धा भाग चंद्रीला आणि खालचा बुंधा म्हशीला असं वाटून टाकतो. म्हशीची तक्रार नाही.

गवताचं म्हणाल तर सगळं गणित कापणीच्या तारखेवर आहे. मारवेल, पवन्या फुलोऱ्यात असताना कापून सावलीत वाळवलं तर त्यात प्रथिनं सहा-सात टक्क्यांपर्यंत असतात. तेच गवत बी झडून काडी झाल्यावर कापलं तर तीन टक्क्यांच्या आसपास येतं. आपण मात्र सोयाबीन काढून, रब्बी पेरून, सवड झाली की मग कोयता काढतो. गवताचा भारा तेवढाच दिसतो, आतला जीव गेलेला असतो. कुसळीचं तर विचारू नका. कुसळ धरल्यावर कापलेली कुसळी घोड्याच्या हिरडीत आणि जिभेत रुतते. आधीच दात नाहीत, त्यात हे. बांध कापायला दोन दिवस दसऱ्याच्या आधी काढा. पोषणाच्या हिशोबानं त्या दोन दिवसांची मजुरी सगळ्यात स्वस्त पडते.

हिवाळ्याचा माझा रोजचा शिधा असा आहे. साडेतीन किलो कुट्टी, त्यात दोन किलो गवत आणि दीड किलो कडब्याचा शेंडा. एक किलो हरभऱ्याचं भुसकट. चार किलो हिरवा लसूणघास. सहाशे ग्रॅम हुलगे, मऊ शिजवून ठेचलेले, दोन वेळेला विभागून. पन्नास मिली तेल आणि मूठभर नव्हे, चिमटी-दोन चिमटी जास्त असं साधारण तीस ग्रॅम मीठ. सगळं मिळून कोरडा पदार्थ पाच किलो चारशेच्या जवळ जातो. आमच्याकडच्या यंदाच्या दरानं गवताचे १२, कडब्याचे १३, भुसकटाचे ५, घासाचे १६, हुलग्याचे ३३, तेलाचे ८ आणि मिठाचा १ रुपया. एकूण ८८ रुपये रोज. चार महिन्यांचे १०,५६०. घास घरचा आहे म्हणून मी त्याचे पैसे सोडत नाही, कारण तो विकला असता तर आलेच असते. घरचं ते फुकट हा हिशोब शेतकऱ्याला खड्ड्यात घालतो, पण तो विषय वेगळा.

हुलगे बघून काही जण हसतात. जुने लोक घोड्याला चंदी म्हणून हुलगे आणि हरभरेच घालत, तोबऱ्यात भिजवलेला हरभरा बांधल्याशिवाय घोडं रस्त्याला लागत नसे. फरक एवढाच की काम करणाऱ्या घोड्याची चंदी बसलेल्या घोड्याला घालायची नाही. एकदम जास्त दाणा पडला तर मोठ्या आतड्यात आंबतो, पोटशूळ उठतो, खुरांत ताप उतरतो आणि घोडं पाय टेकवत नाही. दाणा थोडा, शिजवलेला आणि दोन-तीन वेळा विभागून.

कुट्टी कोरडी घालू नका. तासभर कोमट पाण्यात भिजवा, एवढी की मुठीत दाबली तर पाणी गळावं. कोरडी कुट्टी आणि भुसकट दात नसलेलं घोडं तशीच गिळतं आणि घशात बोळा अडकतो. नाकातून खाल्लेलं आणि लाळ गळायला लागली की समजावं अडकलं, खाणं-पाणी बाजूला करून लगेच डॉक्टरला फोन. भिजवल्यानं धूळ पण बसते. म्हाताऱ्या घोड्याला भुसकटाच्या धुळीनं धाप लागते. अधाशी घोडं असेल तर रुंद टोपल्यात दोन मोठे गुळगुळीत गोटे टाका, गोट्याभोवतीचं वेचत वेचत खाईल. टोपलं रोज धुवा, आंबलेलं राहू देऊ नका. बुरशी आलेली पेंढी गाय खाऊन एखाद वेळ निभावते, घोडं निभावत नाही.

पाण्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. आपल्याकडची थंडी एरवी धडधाकट असलेल्या घोड्याला मारत नाही. पोटात चारा असला तर मोठ्या आतड्यात तो आंबताना ऊब तयार होते, म्हणून गार पडलं की दाणा न वाढवता चारा वाढवायचा. पण टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी म्हातारं घोडं पीत नाही. वर वैरण वाळलेली. दोन-तीन दिवसांत लीद बारीक, कडक होते आणि आतडं तुंबतं. चंद्रीएवढ्या घोडीला रोज वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं. सकाळी मोटर चालू केल्यावर विहिरीचं पाणी कोमट असतं, तेच ताजं पाजा. ह्याला एक रुपयाही लागत नाही.

आता ज्यावरून वाद होतो ते. चारा टंचाई आली की आपल्याकडं सल्ले सुरू होतात. युरिया प्रक्रिया करा, मुरघास करा, नेपियर लावा, गोळी पेंड घाला. गाईसाठी सल्ले बरोबर आहेत, मी स्वतः म्हशीला मुरघास घालतो. पण घोडं पाळणारा माणूस तेच पत्रक वाचतो आणि घोड्याला लावतो, कारण पत्रकावर "जनावरांसाठी" असं लिहिलेलं असतं. युरियाचं प्रथिन बनवतात ते गाईच्या पहिल्या पोटातले जंतू. घोड्यात तो फायदा नाही, जास्त झालं तर विषबाधा मात्र होते. मुरघासात हवा किंवा माती गेली तर त्यातल्या विषाला घोडं गाईपेक्षा फार लवकर बळी पडतं, पाय लटपटतात, गिळता येत नाही आणि मग इलाज उरत नाही. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम अडवून ठेवतं. त्यावर कुणी वजन भरायला गव्हाचा कोंडा घातला तर त्यात फॉस्फरस जास्त. नेपियर आणि कोंडा यांच्यावरच ठेवलेलं घोडं महिन्यांनी लंगडायला लागतं, तोंडाची हाडं फुगतात. लोक म्हणतात संधिवात. लसूणघासात कॅल्शियम आहे, म्हणून महाग वाटला तरी मी तो बंद करत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मोनेन्सिनची. कोंबड्यांच्या आणि काही ठिकाणी गाईंच्या खाद्यात हे औषध मिसळलेलं असतं. त्यांना ते चालतं. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला ते मारतं, आणि गाईला काहीही होणार नाही अशा मात्रेत मारतं. पोत्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कोंबडीखाद्य किंवा पशुखाद्य घोड्याला घालूच नका. पोतं सांडलं म्हणून घोडं तिकडं मोकळं सोडू नका.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्राचे साहेब आणि पशुवैद्यक मंडळी हे वाचत असतील तर माझी त्यांना विनंती आहे. चारा नियोजनाच्या प्रत्येक पत्रकाच्या खाली एक ओळ टाका, "ही पद्धत घोडा, खेचर, गाढव यांच्यासाठी नाही." छपाईचा खर्च वाढत नाही. वीटभट्टीवरची गाढवं, मेंढरामागची घोडी, वरातीची घोडी, ह्यांचे मालक बहुतेक भूमिहीन असतात. वैरण विकत घेतात आणि जे स्वस्त सांगितलं जातं ते घालतात. त्यांचं जनावर मेलं तर रोजगार मेला. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांच्या घोड्यांभोवती कॅमेरे असतात, तिथं अशा माणसाला दाढ तपासून देणारा एक तंबू असता तर मी पहिला रांगेत उभा राहिलो असतो.

राहिला तो प्रश्न, जो तोंडावर कुणी विचारत नाही. दहा हजार रुपये बिनकामाच्या घोडीवर का घालवायचे? तेवढ्यात एक चांगली शेळी येते, हे मला पण कळतं. ह्यात नफा आहे असं मी कधी म्हणणार नाही. बारा वर्षं दूध तिनं पोचवलं, त्या पैशावर पोरांची शाळा झाली, हा माझा घरचा हिशोब आहे आणि तो दुसऱ्यावर लादायचा नाही. ज्याच्याकडं खरंच नाही त्याला मी नावं ठेवत नाही. पण रात्री गावाबाहेर नेऊन रस्त्यावर सोडणाऱ्याला ठेवतो. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच होता. दात नसलेलं घोडं मोकळं सुटलं म्हणजे चरून जगतं असं नाही. ते उकिरड्यावरचं प्लास्टिक आणि बुरसटलेलं खातं, पोटशुळानं लोळतं आणि हायवेला एखाद्याची मोटरसायकल पण घेऊन जातं. भिजवलेलं पण खाईना झालं, बसल्यावर उठेना झालं, तर डॉक्टरला बोलवून वेदना न होता शेवट करा. त्यात पाप नाही. मला तरी ते सोडून देण्यापेक्षा शंभर पटीनं माणुसकीचं वाटतं. चंद्रीच्या बाबतीत तो दिवस आला तर मी तेच करणार, हे घरात सांगून ठेवलंय.

सध्या तिची टेप १५० वरच आहे, कार्तिकात लावली तेव्हा पण तेवढीच होती. हुलग्याचा भाव वाढायला लागलाय, ज्यांना लागणार आहेत त्यांनी संक्रांतीच्या आत भरून ठेवा. आणि तालुक्यात कुणाकडं दाढेची कानस चांगल्या अवस्थेत असेल, किंवा ती वापरणारा डॉक्टर माहीत असेल, तर खाली लिहा. भाडं, येण्याजाण्याचा खर्च मी देतो. शेजारच्या दोन वस्त्यांवरची तीन घोडी आणि एक खेचर पण त्याच दिवशी करून घेऊ.